एका टाक्यात किती लोकर?

तुमच्या घरात किंवा शेजारात लोकरीचे विणकाम करणारे कोणीतरी असेलच. आमच्या घरी ती व्यक्ती म्हणजे मोठी आई. वडिलांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला आमच्याकडे विदर्भात मोठी आई म्हणतात. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पण सुया हातात आल्या त्या दहाव्या वर्षी, आणि तेव्हापासून त्या खाली ठेवलेल्या कोणी पाहिल्या नाहीत.

गोंदिया म्हटले की लोकांना भाताच्या गिरण्या आणि उन्हाळ्याचा कडाका आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत येथे पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो, आणि विदर्भातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात अनेकदा झळकते. त्या दिवसांत अंगणात ऊन आले की मोठी आई खाटेवर बसते. शेजारी कापडी पिशवी असते आणि तिच्यात एका वेळी तीन-चार अर्धवट कामे असतात. याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. एक काम पुरे करून दुसरे का घेत नाही? तिने सांगितले ते असे : मफलर हे गप्पांचे काम, त्याकडे पाहावे लागत नाही. नक्षीचा झबला हे डोळ्यांचे काम, ते फक्त सकाळच्या उजेडात आणि कोणी बोलायला नसताना. पायमोजे हे प्रवासाचे काम, ते लहान असल्याने आगगाडीत मांडीवर मावते. आणि स्वेटर हे घरचे काम. तो जसजसा वाढतो तसतसे मांडीवर त्याचे ओझे होते, पण थंडीत तेच बरे वाटते!

गेल्या हिवाळ्यात यांतल्या घरच्या कामात एक पेच पडला. तिच्या नातवाला नोकरीसाठी जानेवारीच्या मध्याला शिमल्याला रुजू व्हायचे होते. त्याच्यासाठी गडद निळा स्वेटर सुरू होता. पुढचा आणि मागचा भाग झाला होता, दोन्ही बाह्या राहिल्या होत्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोठी आईने उरलेली लोकर हातात तोलली आणि म्हणाली, “बाबू, लोकर पुरत नाही. एक बाही होईल, दुसरी कोपरापर्यंत येईल.” चारशे ग्रॅम घेतली होती, आणखी एक लड घ्यायची राहून गेली होती. दुकानात त्या रंगाची लोकर संपली होती. तोच निळा म्हणून दुसऱ्या वेळच्या रंगणीतली लोकर घ्यावी तर उन्हात फरक दिसतो, हे विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हातात तोलून सांगितलेले उत्तर मला कसे पटावे? मी म्हटले, “थांब, मोजून पाहू.” आणि मग लक्षात आले की काय मोजायचे हेच मला माहीत नव्हते. स्वेटरचे क्षेत्रफळ काढून चालणार नाही, कारण लोकर ही लांबी आहे. क्षेत्रफळ आणि लांबी यांना जोडणारा दुवा कोणता? तो दुवा म्हणजे टाका.

विणणे एक, प्रकार दोन

मराठीत आपण कापडही विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एकच असला तरी या दोन क्रिया अगदी वेगळ्या आहेत. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडीकडे हातमागावर कोशाचे कापड विणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून हे रेशीम मिळते. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, त्यांना ताणा म्हणतात. त्यांच्या वरून-खालून आडवा धागा जातो, तो बाणा. दोन्ही धागे जवळजवळ सरळ असतात. म्हणून असे कापड उभे किंवा आडवे ओढले तर फारसे वाढत नाही. (तिरके ओढून पाहा, थोडे वाढेल. का ते तुम्हीच शोधा.)

सुयांवरच्या विणकामात सरळ धागा जवळजवळ नसतोच. येथे एकच धागा असतो आणि तो सतत वळत असतो. सुईवर एक फास असतो. त्या फासातून दुसऱ्या सुईने धाग्याचा नवा फास ओढून घ्यायचा आणि जुना फास सोडून द्यायचा. झाला एक टाका. नवा फास जुन्याला धरून ठेवतो, आणि नव्याला पुढच्या ओळीतला फास धरतो. शेवटच्या ओळीला धरणारे कोणी नसते, म्हणून तेथे टाके बंद करावे लागतात. फास समोरच्या बाजूला ओढून घेतला तर सुलट टाका, मागच्या बाजूला ओढला तर उलट टाका. एवढी दोनच अक्षरे! एकच टाका समोरून पाहिला तर सुलट दिसतो आणि मागून पाहिला तर उलट. सगळे नमुने, सगळी नक्षी या दोन अक्षरांच्या जुळणीतून आणि टाके वाढवण्या-घटवण्यातून निघते.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. स्वेटर आठ नंबरच्या सुयांवर होता. (या जुन्या नंबरांची गंमत अशी की नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.) मी पट्टी ठेवून मोजले. दहा सेंटिमीटर रुंदीत २० टाके आणि दहा सेंटिमीटर उंचीत २८ ओळी. म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरमध्ये ५६० टाके, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ५.६. आता एका टाक्यात लोकर किती? मोठी आईने एका बाहीसाठी शंभर टाक्यांच्या नमुन्याचा तुकडा विणून ठेवला होता. त्यातली एक पूर्ण ओळ तिने उसवून दिली. धागा हलका ताणून मोजला तेव्हा तो १८७ सेंटिमीटर भरला. म्हणजे एका टाक्यात १.८७ सेंटिमीटर. टाक्याची रुंदी अर्धा सेंटिमीटर आणि त्यात धागा पावणेचार पट! एवढा धागा वळणांत लपलेला असतो.

पुढचा हिशेब तुम्हीही करू शकाल. बाही मनगटाशी ४४ टाक्यांची, खांद्याशी ६८ टाक्यांची, म्हणजे सरासरी ५६. ओळी १२०. एकूण टाके ६७२०, आणि त्यांना लागणारी लोकर सुमारे १२६ मीटर. दोन बाह्यांना २५१ मीटर. उरलेली लोकर किती लांब आहे हे उलगडून मोजणे वेडेपणाचे होते. म्हणून दहा मीटर मोजून तुकडा केला आणि महाविद्यालयाच्या तराजूवर ठेवला. वजन ५ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये दोन मीटर. उरलेली लोकर ९० ग्रॅम होती, तेव्हा लांबी १८० मीटर. तूट ७१ मीटरची.

एक बाही झाल्यावर ५४ मीटर उरणार. त्यात सुमारे २९०० टाके. मनगटापासून सुरुवात केली तर ते ५८ ओळींना पुरतात. ५८ ओळी म्हणजे जवळजवळ २१ सेंटिमीटर. मी नातवाच्या जुन्या स्वेटरच्या बाहीवर पट्टी ठेवली. एकवीस सेंटिमीटर म्हणजे कोपराच्या जरासे अलीकडे.

मोठी आईने हातात तोलून काय सांगितले होते, आठवते ना?

एक आकडा जो बदलत नाही

या निमित्ताने मला एक जुना नियम आठवला. तो विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो, पण वस्त्रोद्योगात प्रसिद्ध आहे. १९५९ साली डी. एल. मंडन या ब्रिटिश संशोधकाने साध्या विणीच्या कापडांवर पुष्कळ मोजमापे करून दाखवले की, कापड ताण न देता मोकळे पडू दिले तर त्याचा आकार मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो : टाक्यातील धाग्याच्या लांबीवर. एका चौरस सेंटिमीटरमधील टाक्यांची संख्या घ्या आणि तिला टाक्यातील धाग्याच्या लांबीच्या वर्गाने गुणा. येणारा आकडा विसाच्या आसपास असतो, मग विण घट्ट असो की सैल. आमचा आकडा पाहा : ५.६ गुणिले १.८७ गुणिले १.८७, म्हणजे १९.६!

असे का व्हावे? कारण मोकळे सोडल्यावर टाका स्वतःला सोयीचा आकार घेतो, आणि तो आकार लहान टाक्यात व मोठ्या टाक्यात सारखाच असतो, फक्त मोठा-लहान. लहान आणि मोठ्या वर्तुळांत परीघ व व्यास यांचे गुणोत्तर जसे एकच राहते, तसेच हे. कापड धुतले, वाफ दिली तर हा आकडा थोडा सरकतो, कारण टाके आणखी सैलावतात. पण पद्धत तीच ठेवली तर तो फारसा हलत नाही. आपल्या वर्गात कोणाला विणता येत असेल तर बारीक आणि जाड सुयांवर एकाच लोकरीचे दोन चौकोन विणून हा प्रयोग जरूर करा. एक ओळ उसवून धागा मोजायला विसरू नका.

विणणाऱ्या बायका हा नियम सूत्रात लिहीत नाहीत, पण पाळतात. नवे काम सुरू करण्यापूर्वी मोठी आई तळहाताएवढा तुकडा विणते आणि त्यावर पट्टी ठेवते. शेजारची एक मुलगी गेल्या वर्षी तिच्याकडे शिकायला येऊ लागली. ती म्हणाली, “हा तुकडा कशाला? वेळ जातो.” तिने पुस्तकात दिलेल्या दोनशे टाक्यांनी सरळ सुरुवात केली. पुस्तकात दहा सेंटिमीटरला वीस टाके धरले होते, तिच्या घट्ट हाताने बावीस पडत होते. फरक दोनच टाक्यांचा. पण दोनशे टाक्यांचा घेर शंभर सेंटिमीटरऐवजी एक्क्याण्णव झाला, आणि स्वेटर तिच्या वडिलांऐवजी भावाला गेला. मापनातील छोटी चूक गुणाकारात कशी वाढते, हे मी वर्गात सांगतो तेव्हा आता हेच उदाहरण देतो.

धागा ताणत नाही, टाका ताणतो

लोकरीचा हातभर तुकडा घ्या आणि ओढा. तो किंचित वाढतो आणि मग बोटांना रुतू लागतो. आता त्याच लोकरीच्या स्वेटरची मनगटाची पट्टी ओढा. ती सहज दीडपट, कधी दुप्पटही होते, आणि सोडली की परत जागेवर येते. जो गुण धाग्यात नाही तो कापडात कोठून आला?

उत्तर वळणांत आहे. आडवे ओढले की प्रत्येक टाक्याचे फास रुंद होतात आणि त्यांची उंची कमी होते. उभे ओढले की उलट. धाग्याची लांबी तीच राहते, तो फक्त एका वळणातून दुसऱ्या वळणात सरकतो. पण वाकलेल्या धाग्यात ऊर्जा साठलेली असते. वाकवलेल्या छडीत असते तशीच. ओढल्यामुळे काही ठिकाणी वाक वाढतो, ऊर्जा वाढते, आणि सोडल्यावर धागा पुन्हा कमी ऊर्जेच्या आकाराकडे जातो. परतीच्या वाटेत धाग्यावर धागा घासतो, त्यामुळे थोडी ऊर्जा खर्च होते. जुन्या स्वेटरचे कोपर बाहेर आलेले राहतात ते याचमुळे. घर्षण त्यांना पूर्ण परतू देत नाही. धुतले की पाणी घर्षण कमी करते आणि टाके बऱ्याच अंशी पूर्ववत होतात.

ही कल्पना जुनी आहे, पण तिची नीट गणिती मांडणी अलीकडची आहे. २०१८ साली फ्रान्समधील सॅम्युएल प्वाँक्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणलेल्या कापडाची स्थितिस्थापकता फक्त तीन गोष्टींवरून काढून दाखवली : धागा वाकायला ऊर्जा लागते, धाग्याची लांबी बदलत नाही, आणि कोणता फास कोणातून गेला आहे हा क्रम बदलत नाही. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत एलिझाबेटा मात्सुमोटो यांच्या गटाने २०२४ साली एकाच धाग्याचे चार नमुने विणून ताणून पाहिले. धागा तोच असूनही, केवळ सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलल्याने कापडाचा ताठपणा कितीतरी बदलला. कापडाचा स्वभाव टाक्याटाक्याने ठरवता येतो, असे त्यांचे म्हणणे. हे मी मोठी आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मग मनगटाला पट्टी कशाला घालतो आपण?”

ती पट्टी म्हणजे दोन सुलट, दोन उलट. हिचे रहस्य कळायला आधी एक वेगळी तक्रार ऐकू या. वर सांगितलेल्या मुलीने मफलर विणला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, म्हणजे समोरून सगळे टाके सुलट दिसतील अशी गुळगुळीत विण. तीन फूट विणून झाले आणि मफलरची झाली नळी! दोन्ही कडा मागे वळून एकमेकींना भेटल्या. तिने इस्त्री केली, उशीखाली ठेवला, पण नळी काही सुटेना.

अशा विणीचा एखादा चौकोन टेबलावर ठेवून पाहा. डाव्या-उजव्या कडा मागच्या बाजूला वळतात. वरची-खालची कड मात्र पुढच्या बाजूला वळते. हे मी कित्येक वर्षे पाहिले होते, पण कारण विचारले असते तर सांगता आले नसते. कारण असे : सुलट टाक्यात फासाचे दोन पाय कापडाच्या पुढे असतात, डोके आणि बूड मागे. म्हणजे धागा केवळ कापडाच्या पातळीत वळत नाही, तो पुढून मागे, मागून पुढे असाही वाकलेला असतो. प्रत्येक वाकलेला धागा सरळ होऊ पाहतो. हजारो टाके एकाच बाजूला जोर लावतात, तेव्हा आडव्या दिशेने कापड मागे वळू पाहते आणि उभ्या दिशेने पुढे. दोन काटकोनी दिशांना दोन विरुद्ध वळणे म्हणजे घोड्याच्या खोगिराचा आकार. पण सपाट कापड न ताणता त्याचे खोगीर करता येत नाही. म्हणून मधले टाके एकमेकांना धरून सपाट राहतात आणि ज्यांना एका बाजूला शेजारी नाही ते कडेचे टाके वळतात.

आता दोन सुलट, दोन उलट घ्या. सुलटचे दोन रकाने मागे वळू पाहतात, उलटचे दोन पुढे. जोर एकमेकांना मारतात, कड वळत नाही. पण रकाने पेटीच्या भात्यासारखे दुमडून जवळ येतात, आणि उलटचे रकाने मागे दडतात. पट्टी अरुंद होते. ओढली की आधी भाता उघडतो, मग टाके रुंदावतात. म्हणून मनगटाची आणि कमरेची पट्टी सर्वांत जास्त ताणली जाते, आणि अंगाला धरून बसते. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट विणल्या तर हाच भाता उभ्या दिशेने होतो. असा मफलर सपाट राहतो आणि लांबीत ताणला जातो. त्या मुलीने तो उसवून असा विणला, आणि आता तो चांगला दिसतो.

एका स्वेटरची लोकर दुसऱ्यात

एक्काहत्तर मीटरची तूट मात्र हिशेबाने भरून निघत नव्हती. दोन दिवस मोठी आईने स्वेटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक राखाडी स्वेटर काढला. तो मोठ्या बाबांचा. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. तिनेच १९८४ साली विणलेला, कोपरावर विरलेला, पण बाकी धड. “हीच जाडी आहे,” ती म्हणाली, आणि शिवण उसवायला बसली. मी काही बोललो नाही.

हाताने विणलेल्या स्वेटरची ही गोष्ट विलक्षण आहे. त्यात कोठेही खरी गाठ नसते. तो सरकफासांची एक लांब रांग असतो. गळ्याशी बंद केलेले टोक शोधून मोकळे केले की ओळीमागून ओळ सरसर सुटते आणि शेवटी हातात पहिला होता तोच धागा येतो. पण दिशा महत्त्वाची. ज्या टोकाला विण संपली तेथूनच ती अशी सुटते. सुरुवातीच्या टोकाकडून ओढली तर धागा फासांत अडकतो आणि एकेक टाक्यातून टोक काढत बसावे लागते.

बाजारातल्या स्वेटरचे असे होईलच असे नाही. दर हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरची दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेते तुम्ही पाहिले असतील. त्यांची एक वसाहत आमच्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ आहे. नॉर्गेलिंग हे तिचे नाव. १९७२ साली ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तेथील अनेक कुटुंबे पावसाळ्यात शेती करतात आणि थंडीत स्वेटर विकायला बाहेरगावी जातात. हा माल बहुतेक लुधियान्याच्या यंत्रांवर विणलेला असतो. यंत्रातही टाका तोच असतो. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने पहिले विणकाम यंत्र केले, त्यात प्रत्येक टाक्याला एक स्वतंत्र आकडी होती, आणि तत्त्व आजही तेच आहे. फरक शिवणीत असतो. काही स्वेटरांचे भाग कापडासारखे कापून शिवतात. असा स्वेटर उसवला तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हाती येतो. बाजूची शिवण उलटी करून पाहा. कड सलग टाक्यांची असेल तर लोकर परत मिळेल, कापलेली असेल तर नाही.

राखाडी लोकर उसवली तेव्हा ती शेवयांसारखी नागमोडी निघाली. चाळीस वर्षे टाक्यात बसलेला धागा टाक्याचा आकार विसरत नाही. लोकर केराटिन या प्रथिनाची असते, आपल्या केसांसारखीच. तिच्या लांब रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे काही दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. ओले केस विंचरून वाळवले की तसेच राहतात, ते याच कारणाने. मोठी आईने लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि दोरीवर टांगून खालून पाण्याने भरलेला लोटा लोंबता ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धागा सरळ!

पण हे खऱ्या लोकरीला लागू. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम तंतू. तिच्यावर गरम इस्त्री फिरली तर ती कायमची मलूल होते आणि टाक्यांचा परत येण्याचा गुण जातो. ओळखायचे असेल तर शिक्षकांसमोर, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून चार सेंटिमीटरचा तुकडा पेटवा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक वितळते आणि कडक मणी राहतो. तो लगेच हाताने धरू नका.

उबेविषयी थोडक्यात सांगतो. स्वेटर उष्णता निर्माण करत नाही. ऊब असते ती टाक्यांत आणि तंतूंच्या कुरळेपणात अडकलेल्या स्थिर हवेची. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे चोविसावा हिस्सा आहे. पण वारा सुटला की टाक्यांच्या छिद्रांतून हीच हवा निघून जाते. म्हणून नातवाला बजावले की शिमल्यात स्वेटरवरून वारा अडवणारे जाकीट घाल, नुसत्या स्वेटरवर फिरू नकोस.

आता बाह्यांची योजना. एकच बाही राखाडी करणे विचित्र दिसले असते, म्हणून दोन्ही बाह्या मनगटाकडून सारख्या राखाडी करायच्या ठरल्या. मी पुन्हा कागद घेतला. प्रत्येक बाहीत ३६ मीटर राखाडी, म्हणजे मनगटापासून चाळीस ओळी. मी तसे सांगितले. मोठी आई म्हणाली, “पन्नास घालते.” मी तिला हिशेब दाखवला. चाळीस ओळी बरोबर बसत होत्या, निळी लोकर नेमकी संपत होती. ती म्हणाली, “अन् गळ्याची पट्टी तुझ्या कागदाची करू काय?”

गळपट्टी मी धरलीच नव्हती. शंभर टाके, आठ ओळी, म्हणजे पंधरा मीटर. बाह्या आणि बाजू शिवायला लागणारी लोकरही धरली नव्हती, ती आणखी तीनेक मीटर.

स्वेटर बारा तारखेला पुरा झाला. एकूण टाके सुमारे ४७ हजार. पन्नास ओळी राखाडी, वर निळे, आणि सांधा असा की मुद्दाम केलेली नक्षी वाटावी. उरलेली निळी लोकर मी पट्टीवर मोजली. ती दोन मीटर आणि वर वीतभर होती. राखाडी लोकर मात्र बरीच उरली आहे. तिचे पायमोजे आता पिशवीत आहेत, एका मोज्याची टाच वळून झाली आहे आणि दुसरा अजून सुरू व्हायचा आहे.